जुना हीलियम-निऑन लेसर घरी सुरू करायचा तर

पहिला गॅस लेसर घ्यायचा असेल तर हीलियम-निऑनच घ्या. जुन्या बाजारात आर्गॉनचे लेसरही मिळतात आणि त्यांचा निळा-हिरवा झोत भुरळ घालतो, पण त्यांच्या गॅस भरलेल्या नळीला सलग दहा अँपिअरच्या आसपास करंट लागतो. शिवाय अनेक आर्गॉन नळ्यांच्या आत बेरिलियम ऑक्साइडची सिरॅमिक असते. ती फुटली आणि तिची धूळ श्वासातून गेली तर फुप्फुसाचा गंभीर आजार होऊ शकतो. कार्बन डायऑक्साइड लेसरचा झोत १०.६ मायक्रोमीटरचा असतो. तो डोळ्याला दिसत नाही आणि कातडी जाळतो. हीलियम-निऑनचा १ ते ५ मिलिवॅटचा लाल झोत समोर दिसतो, नळीत विषारी काही नसतं आणि नळीची तब्येत नुसत्या नजरेने बरीच ओळखता येते. विजेचा धोका मात्र याही लेसरमध्ये पुरेपूर आहे. त्याबद्दल पुढे येईलच.

बेल लॅबोरेटरीजमध्ये अली जावान, विल्यम बेनेट आणि डोनाल्ड हेरियट यांनी डिसेंबर १९६० मध्ये पहिला गॅस लेसर चालवला तो हीलियम-निऑनचाच, पण त्याचा प्रकाश १.१५ मायक्रोमीटरचा, म्हणजे डोळ्याला न दिसणारा अवरक्त होता. आपल्या ओळखीची ६३२.८ नॅनोमीटरची लाल रेषा १९६२ मध्ये मिळाली. पुढे सुपरमार्केटचे बारकोड स्कॅनर, लेसरडिस्क प्लेअर, सुरुवातीचे लेसर प्रिंटर, सर्वेक्षणाची उपकरणं आणि कॉलेजांच्या प्रयोगशाळा या सगळ्यांत ही नळी बसली. डायोड लेसर स्वस्त झाले आणि ही सगळी यंत्रं मोडीत निघाली. आज सेकंडहँड मिळणाऱ्या बहुतेक नळ्या तिथूनच आलेल्या असतात.

आपल्याकडे सर्वांत चांगला स्रोत म्हणजे कॉलेजचा भौतिकशास्त्र विभाग. डेडस्टॉक रजिस्टरमधून निर्लेखित झालेलं सामान लिलावात निघतं. त्यात विवर्तनाच्या प्रयोगाचा लेसर बहुधा त्याच्या मूळ पॉवर सप्लायसकट मिळतो, आणि दोन्ही एकत्र मिळणं ही फार मोठी सोय आहे. पुण्याचा जुना बाजार किंवा मुंबईचा चोर बाजार इथे सुटी नळी सापडू शकते, पण तिथे ती तपासून घेता येत नाही. परदेशातून ऑनलाइन मागवताना सप्लाय ११५ व्होल्टचा आहे की २३० चा, हे आधी विचारा. मागे निवडीचा स्विच असेल तर प्लग लावायच्या आधी तो २३० वर आहे ना, ते डोळ्यांनी बघा.

विकत घेण्याआधी काय बघायचं

लेबलवरचा मोठा आकडा म्हणजे लेसरची ताकद, असा समज बहुतेकांचा होतो. तसं नसतं. सुरक्षेच्या लेबलवर वर्गाची कमाल मर्यादा लिहिलेली असते. ‘कमाल १० मिलिवॅट’ लिहिलेली नळी प्रत्यक्षात ५ मिलिवॅटचीही असते. खरा अंदाज लांबीवरून येतो: १ मिलिवॅटची नळी साधारण १५ ते २५ सेंटिमीटर, ५ मिलिवॅटची ३० ते ४० सेंटिमीटर. त्याच लेबलवर बनवल्याचा महिना-वर्ष आणि मॉडेल क्रमांक असतो. मेलेस ग्रिओ, युनिफेज, स्पेक्ट्रा-फिजिक्स, सीमेन्स यांपैकी नाव असेल तर मॉडेल क्रमांकावरून नेमका करंट आणि व्होल्टेज शोधता येतात. हा क्रमांक सर्वांत आधी टिपून घ्या. पुढचं सगळं काम त्यावर अवलंबून आहे.

बनवल्याचं वर्ष महत्त्वाचं असण्याचं कारण सीलमध्ये आहे. जुन्या नळ्यांचे आरसे इपॉक्सीने चिकटवलेले असत. त्यातून वर्षानुवर्षं हवा आणि ओलावा आत झिरपतो आणि हीलियम बाहेर निसटतो. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धापासून काच वितळवून केलेलं पक्कं सील आलं आणि नळ्या वापराविना पडूनही टिकू लागल्या. आरशाच्या कडेला पिवळट, डिंकासारखा थर दिसला तर ती इपॉक्सीची नळी समजा. अशी नळी मी शोभेची वस्तू म्हणून घेईन, चालवण्यासाठी पैसे मोजणार नाही.

नळी उघडी असेल तर तिच्या आत बघा. मध्ये एक बारीक केशनलिका असते, तिच्या भोकाचा व्यास साधारण १ मिलिमीटर. विजेचा स्राव आणि लेसरची क्रिया तिथेच घडते. बाहेरची जाड नळी फक्त गॅसचा साठा धरून असते. इलेक्ट्रॉन हीलियमला ऊर्जा देतात, हीलियम ती टकरीतून निऑनला देतो आणि निऑन लाल प्रकाश सोडतो. त्यानंतर निऑनच्या अणूला मूळ पातळीवर परतण्यासाठी नलिकेच्या भिंतीवर आपटावं लागतं, म्हणून ती इतकी अरुंद ठेवलेली असते. काही नळ्यांत काचेवर आतून चंदेरी-काळा, आरशासारखा ठिपका दिसतो. तो गेटरचा, म्हणजे आत उरलेली हवा शोषून घेणाऱ्या धातूचा. तो पांढरा, दुधाळ झालेला असेल तर हवा आत गेली आहे आणि त्या नळीवर वेळ घालवू नका. ठिपका मुळात नसेल तर घाबरायचं कारण नाही, सगळ्या नळ्यांत तो दिसतोच असं नाही.

टोकांचे आरसे नळीलाच जोडलेले आहेत ना, हेही पाहा. काही नळ्यांच्या टोकाला तिरप्या काचा असतात आणि आरसे बाहेर वेगळे बसवायचे असतात. प्रयोगासाठी त्या सुंदर असतात, पण धुळीचा एक कण आणि आरशाचा किंचित कल एवढ्यानेही झोत बंद पडतो. पहिल्या खरेदीत त्या टाळा.

आधी विजेची शिस्त

चालू नळीवर साधारण १२०० ते २५०० व्होल्ट असतात आणि पेटण्याच्या क्षणी ५ ते १० हजार. करंट ४ ते ७ मिलिअँपिअर. एवढ्या करंटचाही जोराचा झटका बसतो, आणि सप्लायमधले कपॅसिटर क्षणभरासाठी त्याहून कितीतरी जास्त देतात; तो छातीतून गेला तर जीव जाऊ शकतो. म्हणून माझे नियम ठरलेले आहेत. घरात दुसरं माणूस असल्याशिवाय उघड्या सप्लायवर काम करत नाही. चालू असताना जोडणीतलं काहीही हाताने हलवत नाही, मीटरची टोकंसुद्धा नाहीत. बंद केल्यावर प्लग काढून काही मिनिटं थांबतो, मग प्लॅस्टिकच्या लांब दांडीला बांधलेल्या १०० किलोओहमच्या रोधकाने सप्लायची दोन्ही टोकं आणि नळीचीही टोकं जोडून उरलासुरला चार्ज उतरवतो. नळी स्वतःही चार्ज धरून ठेवते, हे फार जणांना माहीत नसतं.

साधा मल्टिमीटर बहुधा १००० व्होल्टपर्यंतचा असतो. त्याने या सप्लायचं व्होल्टेज मोजायला जाऊ नका. आपल्याला व्होल्टेज मोजायची गरजच नाही, करंट पुरेसा आहे. मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर वापरून सप्लाय बनवण्याचे सल्ले मिळतील. ते सरळ नाकारा. तो ट्रान्सफॉर्मर लेसरला लागतो त्याच्या शेकडो पट करंट देऊ शकतो.

झोताबद्दल: १ मिलिवॅटपर्यंतचा दृश्य लेसर वर्ग २ मध्ये येतो, ५ पर्यंतचा ३-आर मध्ये, त्यापुढचा ३-बी मध्ये. टेबलाची उंची अशी ठेवा की झोत बसलेल्या किंवा उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीत येणार नाही. समोर काळा खरखरीत पुठ्ठा उभा करा. घड्याळ, अंगठी काढून ठेवा. खिडकीबाहेर आणि आकाशाकडे झोत कधीच नको.

सप्लाय एकट्याने तपासा

नळी आणि सप्लाय दोन्ही अनोळखी असतील तर दोघांना एकदम जोडू नये. काही बिघडलं तर दोष कोणाचा ते कळत नाही आणि बिघडलेला सप्लाय चांगली नळी मारून टाकतो.

बहुतेक सप्लाय राळेत ओतलेली बंद वीट असते. तिच्यावर आत किती व्होल्ट द्यायचे आणि बाहेर किती करंट येतो ते लिहिलेलं असतं. तिला नळीऐवजी रोधकांची माळ जोडा. समजा वीट ६.५ मिलिअँपिअरची आणि २००० व्होल्टपर्यंत पुरी पडणारी आहे. मग १० किलोओहम, २ वॅटचे ३० रोधक एकापुढे एक जोडले की ३०० किलोओहम होतात. त्यावर १९५० व्होल्ट पडतील, म्हणजे प्रत्येक रोधकावर ६५ व्होल्ट आणि अर्ध्या वॅटपेक्षा कमी उष्णता. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत हे रोधक सहज मिळतात. माळ लाकडी फळीवर नागमोडी लावून वर अ‍ॅक्रिलिकचं झाकण घाला.

माळेच्या ऋण टोकाला आणखी एक १ किलोओहमचा रोधक जोडा आणि सप्लायचं ऋण टोक अर्थिंगला बांधा. या छोट्या रोधकावर मल्टिमीटर डीसी व्होल्टवर लावला की १ व्होल्ट म्हणजे १ मिलिअँपिअर असं थेट वाचता येतं. त्याच्या समांतर १५ व्होल्टचा झेनर डायोड (व्होल्टेज ठरावीक आकड्यापुढे चढू न देणारा डायोड) लावा, म्हणजे रोधक तुटला तरी मीटरवर हजारो व्होल्ट चढणार नाहीत. झेनरची पट्टी असलेलं टोक धन बाजूला येतं. मीटर ६.५ च्या आसपास स्थिर राहिला तर सप्लाय चांगला.

दोन गोष्टींमुळे चांगला सप्लायही मेलेला वाटतो. अनेक व्यावसायिक सप्लायमध्ये सुरक्षेसाठी स्विच दाबल्यानंतर काही सेकंदांचा मुद्दाम ठेवलेला विलंब असतो. दुसरं, मागच्या बाजूला इंटरलॉकचं, म्हणजे सुरक्षेच्या कुलपाचं सॉकेट असतं. त्यातली दोन टोकं एकमेकांना जोडलेला छोटा प्लग हरवलेला असेल तर सप्लाय चालूच होत नाही. आणि सप्लाय काहीही न जोडता मोकळा चालवू नका. पेटवण्यासाठीचं उंच व्होल्टेज तसंच उभं राहतं आणि आतल्या आत ठिणगी पडून वीट फुकट जाते.

दिशा आणि बॅलास्ट

नळी वाचते किंवा मरते ती इथे. काचेच्या आत अ‍ॅल्युमिनियमचा मोठा डबा असतो तो कॅथोड, म्हणजे ऋण. केशनलिकेचं उघडं टोक या डब्यात शिरलेलं दिसतं. दुसऱ्या बाजूचं छोटं धातूचं टोक अ‍ॅनोड, म्हणजे धन. डबा मोठा असण्याला कारण आहे: आयनांचा मारा मोठ्या पृष्ठभागावर विभागला जातो आणि त्यावरचा ऑक्साइडचा थर टिकतो. उलटं जोडलं तर तोच मारा अ‍ॅनोडच्या इवल्या धातूवर होतो, धातू उडून आरशावर आणि काचेवर बसतो. मिनिटांत नुकसान होतं आणि ते भरून निघत नाही. लाल वायर धन, काळी ऋण हा संकेत बहुतेक ठिकाणी पाळलेला असतो, पण जुन्या सामानात कोणीतरी मध्येच वायर बदललेली असू शकते. म्हणून रंगावर विसंबू नका, वायर टोकापर्यंत तपासत जा.

बॅलास्ट म्हणजे नळीच्या आधी लावायचा रोधक. नळीत करंट वाढला की तिच्यावरचं व्होल्टेज उतरतं, त्यामुळे ती एकटी स्थिर राहू शकत नाही. रोधक तिला सावरतो. ७५ किलोओहम ही चांगली सुरुवात आहे. १५ किलोओहम, २ वॅटचे पाच रोधक एकापुढे एक लावले की ६.५ मिलिअँपिअरला प्रत्येकावर ९७.५ व्होल्ट आणि ०.६३ वॅट पडतात. ही साखळी अ‍ॅनोडच्या अगदी जवळ हवी, शेवटच्या रोधकापासून नळीपर्यंत ५ ते ७ सेंटिमीटरपेक्षा जास्त वायर नको. लांब वायरची धारिता, म्हणजे चार्ज साठवण्याची क्षमता, नळीला लुकलुकायला लावते. नळी अ‍ॅल्युमिनियमच्या दंडगोलात बंद असेल तर बॅलास्ट बहुधा आतच असतो. तिथे दुसरा लावू नका आणि दंडगोल उघडायच्या भानगडीतही पडू नका.

उघडी नळी जाड पीव्हीसी पाइपमध्ये किंवा अ‍ॅक्रिलिकच्या खाचांत ठेवा. टोकांना स्प्रिंगची क्लिप लावा. नळीच्या टोकांवर सोल्डर कधीही करू नका, उष्णतेने काच आणि धातूमधलं सील तडकतं. आता जोडणी अशी: सप्लायचं धन टोक, बॅलास्ट, अ‍ॅनोड, मग कॅथोड, १ किलोओहमचा मोजणीचा रोधक, सप्लायचं ऋण टोक आणि अर्थिंग.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, काचेवर ओलावा आणि धुळीचा थर बसतो. पेटवण्याचं व्होल्टेज त्यावरूनच वाहून जातं आणि नळी पेटत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलने काच पुसा, पूर्ण वाळू द्या, मग पुढे जा.

पहिल्यांदा पेटवताना

खोलीत मंद उजेड ठेवा. वर्षानुवर्षं पडून असलेली नळी गडद अंधारात पेटायला आढेवेढे घेते; तिच्यावर दिव्याचा उजेड पडू दिला की सुरुवात सोपी होते. स्विच दाबा, हात लांब, नजर आधी मीटरवर. लेबलपेक्षा जास्त करंट दिसला तर लगेच बंद करा. या लेसरला एक ठरलेला सर्वोत्तम करंट असतो. त्यापुढे नेल्यास झोत वाढत नाही, उलट कमी होतो आणि कॅथोड झिजतो.

मग नलिकेतल्या उजेडाचा रंग बघा. नारिंगी-गुलाबी, त्यात थोडी पांढरट झाक असेल तर गॅस ठीक आहे. जांभळट किंवा निळसर असेल तर हवा शिरली आहे. दुकानाच्या निऑन पाटीसारखा नुसता गडद लाल असेल तर हीलियम कमी झाल्याचा संशय घ्या. शंका असेल तर जुन्या सीडीवर हा उजेड तिरपा पाडून पट्टे पाहा. हीलियमची ५८७.६ नॅनोमीटरची पिवळी, ५०१.६ ची हिरवी आणि ४४७.१ ची निळी रेषा ठळक दिसायला हवी. पिवळ्याला निऑनची ५८५.२ ची रेषा अगदी शेजारी आहे, म्हणून निकाल हिरव्या आणि निळ्या रेषेवरून द्या.

फक्त हीलियम गेला असेल तर एक उपाय आहे. हीलियम काचेतून झिरपतो, म्हणून नळी काही आठवडे शुद्ध हीलियम भरलेल्या बंद डब्यात वातावरणाच्या दाबाला ठेवली तर तो आत परततो. मध्येमध्ये काढून तपासत राहावं लागतं, कारण हीलियम जास्त झाला तरी झोत मंदावतो. हवा गेलेल्या नळीला हा उपाय लागू पडत नाही.

पेटते, विझते, पुन्हा पेटते असं चक्र चालू असेल तर क्रमाने जा. आधी सप्लायला मिळणारं व्होल्टेज भार असताना मोजा. १२ व्होल्टच्या विटेला कमजोर अ‍ॅडॅप्टर लावलेला असणं हे नेहमीचं कारण. मग सप्लायची व्होल्टेजची पोच नळीला पुरते का ते लेबलवरून पडताळा. त्यानंतर बॅलास्टपुढची वायर आखूड करा, आणि शेवटी बॅलास्ट थोडा वाढवून पाहा.

रंग उत्तम, करंट बरोबर, पण झोत नाही? आधी दुसऱ्या टोकाला पुठ्ठा धरून बघा. अनेक नळ्यांचा झोत कॅथोडच्या बाजूने येतो, सगळ्यांचा नाही. मॉडेल क्रमांकही पुन्हा वाचा, कारण काही नळ्या अवरक्त प्रकाशाच्या असतात आणि त्यांचा आतला उजेड अगदी असाच दिसतो. मग आरशाची बाहेरची बाजू: फुंकणीने धूळ उडवा, लेन्सच्या कागदावर अ‍ॅसिटोनचा थेंब घेऊन एकाच दिशेने एकदा ओढा, तो कागद टाकून द्या. हे सगळं प्लग काढून, चार्ज उतरवून.

त्यानंतर उरतो आरशांचा कल. एका फेरीत प्रकाश एखाद-दुसऱ्या टक्क्यानेच वाढतो, त्यामुळे नळी पडली किंवा प्रवासात दणका बसला की किंचित कलही झोत बंद करतो. अर्थिंगला जोडलेल्या कॅथोडच्या बाजूचा आरशाचा धातूचा देठ लांब, कोरड्या प्लॅस्टिकच्या दांडीने अगदी हलका बाजूला दाबा. चारही दिशांनी दाबून पाहा. एखाद्या दिशेला झोत चमकून गेला तर कारण सापडलं. अ‍ॅनोडच्या बाजूच्या धातूवर पूर्ण व्होल्टेज असतं, तिथे ही चाचणी करू नका. देठ कायमचा वाकवणं मात्र दुसरा कुठलाच उपाय उरला नसेल तेव्हाच करा, कारण जास्त वाकला तर सील फुटतं.

झोत मिळाल्यावर

पहिली वीस-तीस मिनिटं झोत कमी-जास्त होत राहील. नळी तापून लांबते आणि पोकळीतले मोड, म्हणजे दोन आरशांमध्ये नेमके बसणारे प्रकाशतरंग, सरकतात, हे त्याचं कारण, बिघाड नाही. ताकदीचा अंदाज घ्यायला बीपीडब्ल्यू-३४ हा फोटोडायोड मल्टिमीटरच्या मायक्रोअँपिअरच्या पट्टीला जोडा. या लाल रंगाला तो दर मिलिवॅटला साधारण ४०० मायक्रोअँपिअर देतो. खोलीतला उजेड आधी वजा करायला विसरू नका.

पहिला प्रयोग म्हणून तरंगलांबी मोजा. आर्थर शॉलॉ यांनी १९६५ मध्ये दाखवलेली ही रीत मला फार आवडते, कारण लागते फक्त पोलादी मोजपट्टी. झोत पट्टीच्या १ मिलिमीटरच्या खुणांवर जवळजवळ समांतर घासून जाऊ द्या आणि ३ मीटरवरच्या भिंतीवर पडलेले ठिपके बघा. सर्वांत ठळक ठिपका परावर्तनाचा. त्याच्या वरचे विवर्तनाचे. पट्टीच्या पातळीपासून दोन्हींची उंची मोजा, वर्गांतला फरक काढा, त्याला खुणांमधल्या अंतराने गुणा, आणि ठिपक्याचा क्रमांक व भिंतीच्या अंतराचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या दुपटीने भागा. परावर्तनाचा ठिपका ६ सेंटिमीटरवर असेल तर पहिला ठिपका सव्वाबारा सेंटिमीटरच्या जवळ येतो.

नळी महिन्यातून एकदा तरी तासभर चालवा आणि वहीत तारीख, करंट, पेटायला लागलेला वेळ आणि फोटोडायोडचा आकडा लिहा. पेटायला लागणारा वेळ हळूहळू वाढत असेल तर ती काही तास सलग चालवून पाहा. बऱ्याच नळ्या त्याने सुधारतात. नळीवर स्वतःच्या हाताने एक चिठ्ठी चिकटवा: अ‍ॅनोड कुठलं टोक, बॅलास्ट किती, करंट किती. पुढे ती ज्याच्या हाती जाईल त्याला हे शून्यापासून शोधावं लागू नये.